भीमेच्या दोन काठांवर आजीबरोबर

दिवस पहिला : पुणे ते पळसदेव

उजनी धरणाचं पाणी यंदा फार खाली गेलंय आणि एरवी पाण्यात असणारं पळसनाथाचं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलंय, हे कळल्यापासून मला आजीला तिकडे न्यायचं होतं. लग्न होऊन ती ज्या जुन्या पळसदेवात आली, ते गाव त्याच देवळाभोवती होतं. आजीनं होकार दिला, पण अट घालून. "देऊळ बघू. पर मग मला म्हायेराकडचं तळं बी दावायचं." तिचं माहेर भीमेच्या पलीकडे, करमाळा तालुक्यात. कुठलं तळं, हे तिनं तेव्हा सांगितलं नाही आणि आग्रह करून विचारलं तर ती मुळीच सांगत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

२०२४च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून पहाटेच निघालो. हडपसर, उरुळी कांचन, यवत, पाटस, कुरकुंभ. आजी पुढच्या सीटवर, मांडीवर पितळी झाकणाचा डबा, गळ्यात तुळशीची माळ. भिगवणपर्यंत ती फारसं बोलली नाही. भिगवण सोडल्यावर डाव्या हाताला जलाशय दिसायला लागतो. एरवी तिथं समुद्रासारखं पाणी पसरलेलं असतं आणि हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला गाड्यांची रांग लागते. यंदा काठ मैलभर आत गेलेला, मध्ये नुसता करड्या रंगाचा गाळ.

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे जवळपास ६४ टीएमसी, मृतसाठा. वरचं वापरायचं पाणी संपलं की धरण 'उणे'त जातं. सोलापूर जिल्ह्यातली लहान मुलंसुद्धा उन्हाळ्यात "आज किती उणे?" असं विचारतात. या मे महिन्यात आकडा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरला होता.

नव्या गावठाणात चुलत्यांच्या घरी उतरलो. हे पळसदेव महामार्गाच्या कडेला आहे. धरणात पाणी अडवायला लागल्यावर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माणसं इथं येऊन वसली. आजी या घरात आली तेव्हा तिच्या पदरात तीन मुलं होती. चौथे माझे वडील, ते इथंच जन्मले. पुढची वर्षं तिनं दुसऱ्यांच्या उसात खुरपण केलं, दोन म्हशी सांभाळल्या, आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावून घेण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातले आणि बचत गटात सही करायला शिकली. या सगळ्याबद्दल ती दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाही. "केलं. करावंच लागतंय."

रात्री अंगणात बाजा टाकल्या. तिचं वय विचारलं की ती साल सांगत नाही, घटना सांगते. पानशेत फुटलं, म्हणजे १९६१ साली, तेव्हा ती शेरडं राखत होती. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा. करमाळ्याकडेही भांडी हलली म्हणे, आणि तिच्या आईला वाटलं मांजर शिरलं. या हिशेबानं ती लग्नात सोळा वर्षांची असावी.

"म्हायेराहून सासरला यायला किती लांब होतं गं?"

"लांब कशाचं! नदी उतरली की सासर. उन्हाळ्यात तर गुडघ्याएवढं पानी, लुगडं वर धरलं की झालं. पावसाळ्यात होडी. सकाळी भाकरी खाऊन निघालं की दुपारच्याला आईकडं."

धरण झालं आणि त्या गुडघाभर पाण्याच्या जागी कित्येक किलोमीटरचा जलाशय आला. माहेर तेवढंच, नकाशावर तिथंच, पण जायचं तर टेंभुर्णीवरून वळसा घालून, एसट्या बदलत. नाहीतर बोटीनं. तिची आई आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा वळसा घालून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. धरणग्रस्तांच्या नुकसानीची मोजणी जमीन, घर, झाडं, विहीर अशी होते. एका बाईचं माहेर लांब गेलं, याला कुठल्याच कागदात रकाना नव्हता. मला ही गोष्ट बाकीच्या सगळ्या नुकसानीइतकीच मोठी वाटते.

बोटीचा विषय निघाला तशी काकू गप्प झाली. गेल्याच आठवड्यात, २१ मेच्या संध्याकाळी, वादळी वाऱ्यात पलीकडच्या कुगावहून अलीकडे कळाशीला येणारी बोट उलटली होती आणि सहा जण बुडाले. शिरसोडी ते कुगाव पूल मंजूर झालाय. तो झाला की अलीकडच्या लेकींना पलीकडे जाणं पुन्हा सोपं होईल. आजी म्हणाली, "हुईल तवा हुईल. माझी आई ऱ्हायली न्हाई तवर."

दिवस दुसरा : जुनं पळसदेव, मग टेंभुर्णी

सकाळी साडेसहालाच निघालो. गाडी जिथवर जाते तिथं थांबवली आणि पुढं भेगाळलेल्या गाळातून चालत. आजीला काठी दिली होती, तिनं ती खांद्यावर टाकली.

देऊळ दुरूनच दिसतं. खाली दगडी बांधकाम, वर विटांचं शिखर. दर वर्षी पाण्याखाली राहूनही ते उभं आहे. बहुतेक उन्हाळ्यांत नुसतं शिखर वर येतं, यंदा आवार, पायऱ्या, वीरगळ, सतीच्या शिळा, सगळं मोकळं होतं. मूर्ती आणि पिंड कधीच नव्या गावातल्या देवळात नेलेल्या, त्यामुळे गाभारा रिकामा. माणसांची मात्र गर्दी. कुणी ड्रोन उडवत होतं, कुणी वीरगळावर हात फिरवत होतं. ज्यांचे आईबाप इथले, ते लगेच ओळखू यायचे, कारण ते देवळाकडे कमी आणि भोवतालच्या गाळाकडे जास्त बघत होते.

आजीनं चप्पल काढून रिकाम्या गाभाऱ्याला नमस्कार केला आणि लगेच बाहेर पडली. देवळाच्या कोपऱ्यापासून ती पावलं मोजत निघाली. आधी वेस, मग चावडी, मग सोनाराचं घर, मग बोळ. तिथं बोळ नव्हता, काहीच नव्हतं. दगडांच्या रांगा गाळातून थोड्या वर डोकावत होत्या, ती घरांची जोती. तिसऱ्या रांगेपाशी ती थांबली, काठीनं गाळ उकरला, थोडं सरकली, पुन्हा उकरला. मग खाली बसून हातानं माती बाजूला करायला लागली. मीही बसले. वीतभर खाली दगडाची गोल कड लागली. उखळ.

"ह्ये आपलं."

घर सोडताना माणसांनी जे निघेल ते काढून नेलं होतं. तुळया, दारं, चौकटी, पत्रे, सगळं बैलगाड्यांतून नव्या जागेवर गेलं. आजीनं जातं नेलं, पाटा-वरवंटा नेला. उखळ जमिनीत पुरलेलं, ते राहिलं. आजोबा म्हणाले होते, दुसरं घेऊ. तोवर गिरण्या आल्या आणि दुसरं घ्यायची वेळ आली नाही.

एक तरुण मुलगा मोबाईल पुढं धरून आला. "आजी, गाव बघून कसं वाटतंय? दोन शब्द बोला ना." आजीनं त्याला नीट न्याहाळलं. "कुनाचा तू?" त्यानं आडनाव सांगितलं. मग आजीनंच त्याला त्याच्या पणजोबांच्या घराची जागा दाखवली, त्यांच्या दारात लिंबाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीला गावातल्या बायका वाती वळत बसायच्या, हे सांगितलं. मुलानं मोबाईल खिशात ठेवला आणि तिच्याबरोबर त्या जागेपर्यंत गेला.

ती रडेल, असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. काकूनं तर मला पाण्याची बाटली आणि ग्लुकोज देऊन ठेवलं होतं. पण आजी उखळावर माती परत लोटून उठली आणि म्हणाली, "चला, ऊन हुतंय. तळ्याकडं जायाचंय ना?" बाहेरची माणसं अशा ठिकाणी डोळ्यांतलं पाणी शोधत येतात. तिचं दुःख खोटं नाही, ते तिनं चाळीस-पंचेचाळीस वर्षं वागवलंय. पण तिच्या मनात त्या दिवशी दुसरंच काही होतं.

दुपारी इंदापूर ओलांडून भीमानगरला धरणाच्या भिंतीपाशी थांबलो. १९८० साली पूर्ण झालेलं हे धरण, ४१ दरवाजे, यशवंतसागर हे जलाशयाचं नाव. आजीनं भिंत पहिल्यांदाच जवळून बघितली. तिचं गाव ज्या भिंतीनं बुडवलं ती तिनं इतक्या वर्षांत पाहिलेली नव्हती, या विचारानं मी हलून गेले. तिनं मात्र भिंत बघून एकच प्रश्न विचारला, "पिचिंग कुठंय हिचं?" मला पिचिंग हा शब्दच माहीत नव्हता.

मुक्काम टेंभुर्णीला थोरल्या आत्याकडे.

दिवस तिसरा : करमाळा तालुका, तळं

आत्याही आमच्याबरोबर निघाली. कंदरच्या केळीच्या बागा मागे पडल्या, आणि जलाशयापासून जसजसं लांब जावं तसतसा रंग उडत गेला. २०२३च्या पावसानं पाठ फिरवल्यावर सरकारनं जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात करमाळा होता आणि पलीकडचा इंदापूरही. धरणाच्या दोन्ही काठांवरचे तालुके दुष्काळात, हे या भागाबाहेरच्या माणसाला पटत नाही. काठाच्या पट्ट्यात मोटारी बसवून पाणी उचललं जातं, आत गेलं की तेच टँकर आणि तीच वाट बघणं.

माहेरच्या घरी मामांनी, म्हणजे आजीच्या धाकट्या भावानं, चहा टाकायला सांगितला. आजी म्हणाली, आल्यावर पिऊ. मग मामा, त्यांचा मुलगा, आत्या, मी आणि आजी असे सगळे उन्हात गावाच्या वरच्या अंगाला निघालो. दोन टेकड्यांच्या मधे मातीचा एक बांध. पन्नास वर्षांचा. हे आजीचं तळं.

आजी बाळंतपणाला माहेरी आली ती १९७२च्या पावसाळ्यात. पाऊस आलाच नाही. सलग दुसरं-तिसरं वर्ष कोरडं. त्या दिवाळीच्या सुमाराला थोरली आत्या जन्मली. सासरी परत जायचं तर तिथं भीमेचं पात्र कोरडं, पेरलेलं उगवलेलं नाही आणि घरात खाणारी तोंडं नऊ. तेव्हा सासू-सासऱ्यांनीच निरोप धाडला, पोर तिथंच राहू दे, तिकडं काम निघालंय म्हणतात. आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर माझी आजी, वीस वर्षांची, पाझर तलावाच्या कामावर रुजू झाली.

"आदी खडी फोडाय बसवलं," ती बांधावर चढता चढता सांगत होती. "बोटाला टायरीच्या रबराच्या पट्ट्या बांधायच्या, न्हाईतर हातोडी बोटावरच. डोळ्यात कपची गेली तर गेला डोळा. मग म्या मुकादमाला म्हनलं, मला मातीवर घे."

मातीवर म्हणजे बांधावर. पुढचा तासभर आजीनं मला बांध कसा बांधतात हे शिकवलं, आणि मी आजवर कुठल्याही शिक्षकाकडून इतकं स्पष्ट काही ऐकलेलं नाही. आधी बांधाच्या मधोमध खाली कडक थर लागेपर्यंत चर खणायचा. त्यात काळी चिकणमाती भरायची, कारण तिच्यातून पाणी जात नाही. ती चार बोटं थर टाकून धुम्मसानं ठोकायची, वर पाणी शिंपडायचं, पुन्हा थर. काळ्या मातीचा तो गाभा वरपर्यंत न्यायचा आणि दोन्ही अंगांना मुरूम. पाण्याकडच्या बाजूला दगड बसवायचे, म्हणजे लाटांनी माती धुपत नाही. तेच पिचिंग. एका कडेला सांडवा ठेवायचा, जादा पाणी तिथून गेलं पाहिजे, बांधावरून गेलं तर एका रात्रीत बांध जातो. पाणी नव्हतं, कारण पाऊसच नव्हता, त्यामुळे ठोकायला लागणारं पाणीही टँकरनं यायचं आणि कामावरच्या बायका त्यातला तांब्याभर पोरांसाठी मागून घ्यायच्या.

"आन् ह्ये इथं," तिनं काठीनं दाखवलं, "बाभळ व्हती. तिला झोळी बांधली व्हती हिची." आत्या त्या जागेकडे बघत राहिली. तिला हे माहीत होतं, पण जागा तिनं कधी पाहिली नव्हती. "घमेलं टाकून आलं की येक झोका द्यायचा. परत घमेलं."

जेवणात मिलो. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, भाकरी थापली की तुटायची. कामावर सुकडी वाटायचे, ती पाण्यात कालवून आजी आत्याला बोटानं चाटवायची. आत्या आता बावन्नीत आहे, अंगानं दणकट, आणि आजी अजून म्हणते की ते सुकडीचं बळ.

१९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क देशाला २००५ साली मिळाला, महाराष्ट्रात तो त्याआधी पाव शतक होता. माझ्या पगारातून दर महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. १९७५ साली हा कर आणला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच, हे मी आजीला बांधावर बसून सांगितलं. तिनं दोनदा विचारून घेतलं. "म्हंजी शहरातल्या नोकरीवाल्यांनी आमच्या हजेरीचं पैसं दिलं?" तुझं काम त्याआधीचं, पण पुढच्या कामांचे हो, असं म्हटल्यावर ती थोडा वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "मग चांगलं केलं. कुनी सांगायचं बी हुतं आमाला."

तळं कोरडं होतं. माझं मन खट्टू झालं, इतक्या लांब येऊन तिला हे दिसावं. पण आजीनं तळ्याच्या पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तळ्याकडे पाठ फिरवून खालच्या शेतांकडे बघत होती. "खालच्या हिरीला पानी हाय का?"

मामांचा मुलगा म्हणाला, आहे, दोन परस, म्हणजे दोन पुरुष, खाली गेलंय, पण आहे. रोज अर्धा तास मोटार चालते. शेजारच्या शिवारातल्या विहिरी मार्चमध्येच आटल्या.

तेवढं ऐकायचं होतं तिला. पाझर तलाव पाणी साठवून ठेवायला नसतोच, ते जमिनीत मुरवायला असतो. पावसाळ्यात भरावं, हिवाळाभर झिरपावं आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात उतरावं, एवढंच त्याचं काम. वरून तो कोरडा दिसला तरी काम चालू असतं. तरीही तिला स्वतः बघायचं होतं. विहिरीच्या कठड्यावर हात टेकून ती वाकली, खडा टाकला आणि कान दिला. आवाज आला.

"गाव गेलं ते काय आपल्या हातात न्हवतं," परत येताना ती आत्याला म्हणत होती, मला नाही. "कुनी इचारलं बी न्हाई. पर ह्यातलं येक घमेलं बी माझ्याबिगर पडल्यालं न्हाई."

चाळीस-पंचेचाळीस वर्षं आमच्या घरात आजीची गोष्ट म्हणजे बुडालेलं गाव. वडील तीच सांगायचे, आम्ही शाळेत निबंधात तीच लिहिली. तळ्याबद्दल तिनं कधी सांगितलं नाही, कारण आम्ही विचारायचो ते नेहमी गेलेल्या गोष्टींबद्दल. मला आता वाटतं, म्हाताऱ्या माणसांना काय गमावलं हे विचारायच्या आधी काय बांधलं ते विचारायला हवं.

संध्याकाळी चहा झाला, मग जेवण. मामींनी बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी केली होती. आजीनं मांडीवरचा तो पितळी डबा उघडला. भावासाठी बेसनाचे लाडू.

दिवस चौथा : पुन्हा बांध, आणि परत

सकाळी उठले तर आजी अंथरुणात नव्हती. मामांच्या मुलाला घेऊन ती बांधावर गेली होती. मी पोचले तेव्हा त्याची उलटतपासणी चालू होती.

बांधावर वेड्या बाभळी माजल्या आहेत. आजीचं म्हणणं, बांधावर झाड नको म्हणजे नको. मुळं गाभ्यात शिरतात, झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी भोकं पडतात, मग पाणी तिथूनच वाट काढतं. तो म्हणाला, आत्याबाई, उपटल्या तर माती सैल होणार. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. बारक्या आत्ताच मुळासकट काढायच्या, खड्ड्यात मुरूम भरून पाणी टाकून ठोकायचं, पावसाच्या आत. थोरल्या नुसत्या उपटायच्या नाहीत, त्याला इंजिनियर बोलवायचा.

दुसरा मुद्दा गाळाचा. पन्नास वर्षांत तळ्यात गाळ साचून पोट उथळ झालंय आणि तळाला गाळ बसला की मुरणंही मंदावतं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेत तो काढता येतो आणि शेतकऱ्यांना शेतात पसरायला नेता येतो. गावात त्याची चर्चा झाली होती, पण कुणी अर्ज लावून धरला नव्हता. आजीनं मला तिथंच ग्रामसेवकांना फोन लावायला लावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ग्रामपंचायतीचा ठराव आणि शेतकऱ्यांची मागणी लागेल, असं सांगितलं. पाऊस तोंडावर होता, यंदा फार थोडं होईल, पण ठराव आत्ता झाला तर पुढच्या उन्हाळ्यात काम निघेल. मामांनी दुपारपर्यंत अकरा शेतकऱ्यांच्या सह्या गोळा केल्या. आजीनंही सही केली. तिची तिथं जमीन नाही, तेव्हा त्या सहीला कागदोपत्री अर्थ नाही, पण मामांनी कागद पुढं केला आणि कुणी काही बोललं नाही.

निघताना करमाळ्यात कमलाभवानीचं दर्शन घेतलं. तिथली ९६ पायऱ्यांची विहीर आजीला बघायची होती. वरूनच बघून ती म्हणाली, दगड चांगला घडवलाय. आत्याला जेऊरच्या स्टेशनवर सोडून पुण्याला जायचं ठरलं होतं, पण ती म्हणाली, मी आठवडाभर मामाकडेच राहते. बांधावरच्या बारक्या बाभळी ती स्वतः काढणार होती. मग आम्ही दोघीच राशीनमार्गे भिगवणकडे निघालो.

मामांच्या दारातून गाडी सुरू झाली तेव्हाच आजीनं काच खाली करायला लावली होती. मामांचा मुलगा खिडकीशी आला. ती सांगत गेली आणि तो खिशातल्या वहीत लिहीत गेला. मुरूम वरच्या खाणीतला आणायचा, ओढ्यातली वाळू मिसळायची नाही. उंदरांची बिळं दिसली तर त्याच दिवशी बुजवायची. पिचिंगचे जे चार दगड कुणीतरी गोठ्याला नेलेत ते परत आणून बसवायचे, कुणी नेलेत ते तिला माहीत आहे. आणि सांडव्यात म्हशी बांधू नका.